प्रवेशाची शिट्टी

शिक्षक घडवणाऱ्या त्या महाविद्यालयात यंदा नुसत्या परीक्षेच्या गुणांवर प्रवेश नव्हता. उमेदवाराने एका अनोळखी माणसाला दहा मिनिटांत काहीतरी शिकवून दाखवायचं होतं. तो अनोळखी माणूस म्हणून प्राचार्यबाईंनी मला, एका निवृत्त ग्रंथपालाला, बोलावलं. एवढं तरी आपल्याला जमेल का, अशी शंका घेऊनच मी बसलो.

पहिल्या दोघांनी मला ठाऊक असलेलंच शिकवलं. मी संकोचाने मान डोलावली. मग परीक्षेत जेमतेम काठावर पास झालेली एक मुलगी आली.

"आजोबा, तुम्हाला काय येत नाही?"

"शिट्टी," मी पुटपुटलो. "लहानपणापासून."

"ओठ गोल करा. अहो, एवढे नको, चहा फुंकताय का? जीभ खाली!"

मी फुंकत राहिलो, पण नुसती हवाच. वेळ संपली. "त्यांचं काही चुकलं नाही, मीच कमी पडले," असं म्हणून ती तोंड पाडून बाहेर गेली.

"हिला काही जमलं नाही," म्हणत एका प्राध्यापकांनी पेन उचललं. माझ्यापायी पोरीचा प्रवेश जाणार! बोलायचं धाडस होईना, म्हणून मी पुन्हा ओठ गोल केले. जीभ खाली.

खणखणीत शिट्टी वाजली.

धाडकन दार उघडून ती आत आली. "आजोबा, तुम्ही?"

उत्तरादाखल मी आणखी दोनदा वाजवली.

प्राचार्यबाईंना हसू आवरेना. "पोरी, तुझा प्रवेश पक्का. आता यांना थांबायलाही शिकव!"