मागच्या तारखेची प्रार्थना

यान मंगळावर सुखरूप उतरलं. चारही पायांवर, जराही न लंगडता. पण ही बातमी पृथ्वीवर पोचायला वीस मिनिटं लागतात, प्रकाशाला याहून घाई जमत नाही. तेव्हा यान उतरलेलंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ.

नियंत्रणकक्षातले सगळेही तसंच समजून नखं खात होते.

काचेच्या अलीकडे, घरच्या मंडळींसाठी मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर छत्रीवाली बसली होती आणि शेजारी तिचे वडील. यानाच्या पॅराशूटची घडी तिनं घातली होती, म्हणून हे नाव. बॅडमिंटनच्या कोर्टाएवढं कापड गुडघ्यांवर रांगत रांगत तिनं बादलीएवढ्या डब्यात बसवलं होतं. ते उघडलं तर तिचं नाव कुणी घेणार नव्हतं. नाही उघडलं तर सगळेच घेणार होते.

वडील निवृत्त हेडक्लार्क. देवावर त्यांची श्रद्धा होती ती वरिष्ठांवर असते तशी. साहेब कधी दिसत नाहीत, पण सही त्यांचीच चालते.

"प्रार्थना करू का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता काय उपयोग, बाबा? छत्री उघडायची तर उघडली, फाटायची तर फाटली. आपल्याला फक्त कळायचं राहिलंय."

"म्हणजे निकाल लागलाय, जाहीर व्हायचाय."

"हो."

"मग मागच्या तारखेनं मागतो."

"असं चालतं?"

"अगं, जन्मभर दुसरं काय केलं मी? वारलेल्या माणसाला मागच्या तारखेनं बढती दिलीय. त्याची तक्रार आली नाही."

ती हसली नाही. "आईच्या वेळी तर वेळेत अर्ज केला होता ना? फेटाळलाच की."

हे वाक्य तिनं कित्येक वर्षं दाताखाली धरून ठेवलं होतं. वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"फेटाळला नाही. उत्तर आलेलं नाही," ते म्हणाले. "तिकडे बघ. एवढी शिकलेली माणसं गप्प बसून वरच्या उत्तराची वाट बघतायत. त्यांना कुणी खुळं म्हणतंय का?"

तिनं बघितलं. श्रद्धा वगैरे भानगडींवर कडक व्याख्यानं देणारे मोहीमप्रमुख डोळे मिटून स्वतःचाच टाय कुरवाळत होते.

"शेवटची घडी मी यंत्रानं दाबत नाही," ती एकदम म्हणाली. "दोन्ही तळव्यांत धरून दाबते. नियमात बसत नाही. तीच नडली तर?"

"कशी दाबतेस?"

तिनं करून दाखवलं. तळव्याला तळवा लावून, डोळे मिटून, श्वास रोखून.

वडिलांनी तिच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. "म्हणजे तुझा अर्ज आधीच गेलाय," ते समाधानानं म्हणाले. "मी नुसती शिफारस जोडतो."

आता तिला हसू आलं, आणि ते आवरेना. तेवढ्यात आत आरडाओरडा झाला. प्रमुखांनी टाय हवेत भिरकावला. पडद्यावर लाल धूळ उमटली आणि तिच्यात चोळामोळा होऊन पडलेली तिची छत्री. पण घडी पूर्ण उघडलेली.

"झालं?" वडिलांनी विचारलं.

"झालं." तिला जरा चुटपुटच लागली. "बाबा, घ्या लिहून."

वडिलांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं.

"प्रति, सक्षम अधिकारी, विश्व. विषय: प्रकाशाचा वेग कमी करणेबाबत. महोदय, वडिलांशेजारी वाट पाहण्यास सध्याचा कालावधी अपुरा पडत असल्याने सदर वेग तातडीने निम्मा करण्यात यावा, व हा आदेश आई हयात असतानाच्या तारखेपासून लागू समजण्यात यावा, ही नम्र विनंती."