मागे वळून बघू नये

"एवढं एक वाक्य कापा, महानंदा मॅम," अभिराज म्हणाला.

एचएसआर लेआउट या वस्तीतल्या एका आरोग्य ॲपच्या ऑफिसात महानंदा भाषांतराचं काम करायची. अभिराज तिचा साहेब, पुण्याचा, वयाने तिच्या निम्मा. सध्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन पंडिताच्या वनस्पतींवरच्या नोंदी मराठीत आणणं चाललं होतं. दिवसाआड चढणाऱ्या तापावर त्याने उपाय दिला होता: रोग्याचं नाव घेऊन डाव्या हाताने मुळी उपटावी, मागे वळून न बघता परतावं, मुळी गळ्यात बांधावी. आणि लगेच खाली लिहिलं होतं, हे मांत्रिकांचं म्हणणं, माझा यावर काडीचा विश्वास नाही.

"तो स्वतःच खोटं म्हणतोय. ते कापणारे आपण कोण?"

"युजरला डाउट नको असतो हो. एन्शंट विज्डम म्हणून चाललंय, चालू द्या की."

"मग माझं नाव काढा."

"काढतो. पुढचं भाषांतर शार्दूलला देऊ मग."

महानंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने वाक्य कापलं. नावही राहू दिलं, कारण पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा तिचा थोरला भाऊ देवाप्पा ॲपवरचं ते नाव कारखानाभर दाखवत फिरायचा. निपाणीहून आलेल्या त्या घरातलं कुठे छापून आलेलं ते पहिलंच नाव होतं.

पुढे पावसाळ्यात देवाप्पाला हिवताप झाला. गोळ्यांनी उतरला आणि पुन्हा चढला, तेव्हा वहिनी धनलक्ष्मीने महानंदाला बोलावून घेतलं. देवाप्पा रग पांघरून कुडकुडत होता. गळ्यात काळ्या दोऱ्यात वाळकी मुळी होती आणि उशाशी गोळ्यांचं पाकीट अर्धं भरलेलंच पडलं होतं.

"गोळ्या का बंद केलास, अण्णा?"

"ताप उतरला, मग हे बांधलो. शेडच्या मागं जाऊन डाव्या हातानं उपटलो. मागं बघितलो न्हाई."

"खोटं हाय त्ये. लिवणाराच तसं म्हणतोय."

"मग त्ये का लिवली न्हाईस?"

"कापायला लावले मला."

"तुझं नाव तेवढं ऱ्हाऊ दिलीस."

दोरा तोडायला तिने हात पुढे केला. त्याने तो झिडकारला, स्वतःच हिसडा मारून दोरा तोडला आणि मुळी तिच्या पायाशी फेकली. दवाखान्यात न्यायला बाहेर रिक्षा येऊन उभी राहिली. वहिनीच्या खांद्याचा आधार घेत तो उठला आणि दाराबाहेर पडला.

"अण्णा, थांब की. मी पण येतो."

देवाप्पाने मागे वळून बघितलं नाही.