फोटोतली ड्रायव्हर

आमच्या डेपोतल्या बावीस बसच्या पाठीवर माझा फोटो आहे. हात स्टिअरिंगवर, दात बाहेर आणि खाली हे मोठ्या अक्षरांत, 'ती चालवते, शहर धावतं!' शहर धावत असेल बापडं. मी मात्र सहा महिने खुर्चीत बसून होते, तेही स्टेजवरच्या.

आधी नियम सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. नव्या ड्रायव्हरनं पहिल्या सहा महिन्यांत ठरलेल्या मार्गावर, प्रवासी घेऊन, एकट्यानं हजार किलोमीटर बस चालवायची. झाले तर नोकरी पक्की, नाहीतर घरचा रस्ता. पुरुषांचे हे हजार आठवड्याभरात उरकतात. माझ्याबरोबर लागलेला एक जण पक्का होऊन, गाडी खांबाला ठोकून, माफी मागून पुन्हा कामावरही आला.

मी पडले डेपोतली पहिली बाई. मला ड्युटी लागली रे लागली की मॅनेजरसाहेबांचा निरोप यायचा, "ताई, आज बस राहू द्या, कार्यक्रम आहे." शाळा झाल्या, बँका झाल्या, दातांच्या डॉक्टरांचं संमेलनसुद्धा झालं. 'स्टिअरिंगवरची स्त्री' या विषयावर मी एकोणसाठ भाषणं ठोकली. स्टिअरिंग सोडून सगळं हातात आलं.

बरं, कार्यक्रमाला बस न्यायची कोणी? आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरकाकांनी. का, तर "मोठी माणसं येणार, उगाच रिस्क नको." हॉलच्या दाराशी काका उतरायचे, मी चढायचे, फोटो निघायचा, मी उतरायचे. काकांनाच लाज वाटायची. म्हणायचे, "पोरी, मीच तुझी नोकरी खातोय गं."

घरी सासूबाई माझ्या मुलीला मांडीवर घेऊन वाट बघत असायच्या. ड्रायव्हरचा फॉर्म त्यांनीच आणून दिला होता. नऊ वर्षं लाँड्रीत इस्त्र्या करून माझे खांदे कामातून गेले होते, ते रात्री चोळून देणाऱ्या त्याच. रोज विचारायच्या, "आज किती झाले?"

"आज पुष्पगुच्छ."

"टाक बादलीत. त्याची भाजीसुद्धा होत नाही मेली."

लाँड्रीवाला अजून निरोप धाडत होता, जागा रिकामी आहे म्हणून.

सहा महिन्यांचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा कार्यक्रमांमधून सुटलेल्या तुरळक फेऱ्या धरून माझे झाले होते नऊशे बासष्ट. अडतीस हवे होते. मला सात नंबरचा मार्ग लागला होता, जाऊन-येऊन चाळीस. मी किल्ली घ्यायला गेले, तर साहेब हसत उभे. "ताई, आज तुमचा मोठा सत्कार!"

"साहेब, आज शेवटचा दिवस आहे. अडतीस राहिलेत."

"अहो, अख्खं शहर तुमचं कौतुक करतंय आणि तुम्ही किलोमीटर काय मोजत बसलात?"

हॉल डेपोपासून चार मिनिटांवर. पण प्रमुख पाहुण्या, कुठल्याशा क्लबच्या अध्यक्षबाई, हट्टाला पेटल्या. "मला हिच्याच हातच्या गाडीतून जायचंय." साहेबांच्या कपाळावर घाम. पण पाहुण्यांना नाही कसं म्हणणार? बाई, साहेब आणि क्लबची दहा मंडळी बसमध्ये बसली. कार्यक्रमाची बस पहिल्यांदाच काकांशिवाय, मी डेपोबाहेर काढली.

बाहेर काढतानाच पाटीवर सात नंबर लावला. खरं सांगते, तोवर माझंही ठरलं नव्हतं. हॉल आला, दाराशी फुलं घेतलेली माणसं दिसली आणि माझा पाय ब्रेककडे वळेचना.

"ताई, हॉल गेला!" साहेब ओरडले.

"जाऊ दे साहेब, परत येताना लागेल."

पुढच्या थांब्यावर बस उभी केली, दार उघडलं. शिफ्ट सुटलेल्या बाया, शाळेची मुलं, आजारी माणसं भराभर चढली. बस सुटली तसे साहेब पुढे येऊन दात-ओठ खात कुजबुजले, "थांबवा, आत्ताच्या आत्ता!"

"चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये, साहेब. तुमचीच पाटी आहे."

पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून साहेब परत जागेवर जाऊन बसले. एका म्हाताऱ्या बाईनं आपली जड पिशवी अध्यक्षबाईंच्या मांडीवर ठेवली, "धर गं जरा, माझे हात भरलेत." अध्यक्षबाईंनी ती शेवटच्या थांब्यापर्यंत धरली. एकही थांबा मी सोडला नाही. आले तेव्हा मीटरवर चाळीस पूर्ण होते आणि हॉलमधली फुलं माना टाकून बसली होती.

घरी सांगितलं, तर सासूबाईंनी मुलीला उचलून गरागरा फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी मेमोची वाट बघत डेपोत गेले, तर साहेबांनी चहा मागवला! पेपर पुढे केला. पहिल्याच पानावर अध्यक्षबाई, मांडीवर पिशवी. 'सामान्य स्त्रीचा प्रवास अनुभवायचा म्हणून मीच ही फेरी घ्यायला लावली.' धन्य गं बाई!

"वाचलात तुम्ही," साहेब म्हणाले. "आता हा कार्यक्रमच समजायचा."

"मग माझे किलोमीटर?"

"कार्यक्रमाचे किलोमीटर धरत नाहीत, ताई."

चहाची वाफ तोंडावर आली आणि मला लाँड्रीच आठवली. मग मात्र असा संताप आला म्हणता, कप आपटून ठेवला.

"मला मेमो द्या, साहेब."

"काय?"

"मी तुमचं ऐकलं नाही, ही माझी चूक आहे. ती लिहा. नाहीतर आत्ता जाते पेपरवाल्यांकडे आणि सांगते, अध्यक्षबाईंनी फेरी घ्यायला लावलीच नव्हती. चार वेळा 'मला उतरवा' म्हणाल्या, तेही सांगते."

साहेब लालबुंद झाले. कागद ओढला आणि मी सांगत गेले तसं रागारागानं लिहीत गेले. परवानगी न घेता, सात नंबरच्या मार्गावर, प्रवासी घेऊन, एकटीनं, चाळीस किलोमीटर. फेरीची तारीख कालची, खाली सही, शिक्का. मेमोतली फेरी रजिस्टरात चढवावीच लागते, हा डेपोचाच नियम. समोरच्या टेबलावरच्या क्लार्कबाईंनी रजिस्टर आधीच उघडून ठेवलं होतं. त्यांनी बेरीज मोठ्यानं वाचली, "एक हजार दोन."

साहेबांच्या तेव्हा लक्षात आलं. पण क्लार्कबाईंची शाई वाळत आली होती.

"शिक्षा पण लिहितो!" ते किंचाळले. "महिनाभर तुम्हाला एकाही कार्यक्रमाला नेणार नाही! एकाही! नुसती बस चालवा!"

मी सही केली आणि हात जोडले.

"साहेब, दोन महिने करा ना."