एकोणिसाव्या दगडाखालचा कोळसा

"दगड उचला," सिंधुबाई म्हणाल्या. "खाली कोळसा निघाला न्हाई, तर उद्यापासून मी कामाला येत न्हाई."

मोजणीदार हसला. त्याच्याकडे उपग्रहाशी बोलणारं यंत्र, आणि ही वनमजूर बाई त्याला कोळसा सांगत होती. पण मोरांच्या अभयारण्याच्या या कोपऱ्याचा जुना नकाशा नेमका घडीवर फाटलेला. टेकडीच्या पायथ्याचा एकोणिसावा दगड आपल्या रानात सरकलाय, असा शेजारच्या शेतकऱ्याचा, सुंदररावांचा, अर्ज होता. दगडाच्या आत, हद्दीत, पाणवठा होता. सिंधुबाईंच्या नवऱ्यानं, शहादेवनं, बांधलेला. तो गेल्यापासून सहा उन्हाळे त्या स्वतः डोक्यावरून कॅन आणून पाणवठा भरत होत्या.

"हद्द आखली तवा खड्डे माझ्या बापानं खांदले," त्यांनी तरुण वनरक्षक तेजश्रीला सांगितलं. "दगड कुणीबी हलवील, म्हणून परत्येकाखाली टोपलंभर कोळसा. त्यो कुजत न्हाई. टोपलं माझ्याच डोक्यावर असायचं."

दोघा मजुरांनी पहार लावून दगड उलथवला. हातभर माती उपसली. आणखी हातभर. खाली मुरूम लागला, कोळसा नाही.

 सिंधुबाईंची नजर पाणवठ्याकडे गेली आणि एकदम सगळं आठवलं. पाणवठा झाला त्या साली त्या लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर तलवाड्याला होत्या. परत आल्या तेव्हा पाणवठा बांधून तयार, आणि शहादेव या दगडाला ताजा चुना फासत होता. वर खडक आहे, पाणी इथंच थांबतं, एवढंच म्हणाला होता लबाड.

"मावशी," तेजश्री कुजबुजली, "पावसात वाहून गेला असंल म्हणू."

"माझ्या बापाचा कोळसा वाहून जात न्हाई, मॅडम."

सिंधुबाई चढ चढून अठराव्या दगडापाशी गेल्या. पदर खोचला आणि बापासारख्या लांब ढांगा टाकत खाली निघाल्या. दर दोन दगडांत दोनशे पावलं; बाप मोजायचा आणि मागून टोपलं घेऊन त्याही मोजायच्या. दोनशेला त्या थांबल्या. पाणवठा अजून तीस पावलं खाली होता.

"हितं खांदा."

तिसऱ्याच घावाला माती काळी निघाली, कोळशाची. म्हणजे पाणवठा सुंदररावांच्या रानात होता.

"मग दगड हलवला कुणी?" मोजणीदारानं विचारलं.

"आमच्या ह्यांनी. मोरांपायी हलवला, पर हलवला."

त्यांना लाज वाटली. आणि त्या माणसाची इतकी आठवणही सहा वर्षांत कधी आली नव्हती.

सुंदरराव खाकरले. "पाणवठा ऱ्हाऊ द्या, सिंधुबाई. मी काय मोडणार न्हाई."

"तुमी न्हाई मोडणार, आण्णा. पर उद्या तुमची पोरं? हद्दीतलं पाणी हद्दीतच बरं."

"आन् तुमच्या कामाचं काय? सोडणार म्हणालता."

"कोळसा निघाला न्हवं? मी येणार उद्या."

त्या आल्या. दोन दिवस खडक फोडून, मूळ जागी परत रोवलेल्या दगडाच्या वरच्या अंगाला, हद्दीत, त्यांनी अर्धं कापलेलं पिंप जमिनीत बसवलं. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना लांडोर आली ती जुन्याच पाणवठ्यावर. कोरड्या तळाला तिनं चोच मारून पाहिली. वर नव्या पिंपापाशी उभ्या सिंधुबाईंनी कॅन हात पुरेल तितका उंच धरला आणि तिला आवाज ऐकू जाईल असं, सावकाश, त्या पिंपात पाणी ओतायला लागल्या.