पिवळी सहाचाकी

ओनेझिमचा गुडघा कामातून गेला, तरी जंगलातल्या खोपटाचा नाद काही सुटेना. त्या खोपटाची वाट म्हणजे निम्मी दलदल आणि निम्मा ओढा. मागच्या शरदात तो कोणाला न सांगता काठी टेकत एकटाच तिथे गेला आणि दुसऱ्या दिवशी चिखलाने माखून परतला. तेव्हापासून त्याच्या मुलीची झोप उडाली होती. मिरेय शाळेची बस चालवायची. वय चाळिशीचं, नवरा सोडून गेलेला, घरात बाप आणि ती. बाप ऐकत नाही म्हटल्यावर तोडगा तिनेच काढला. जमिनीवर गाडी आणि पाण्यावर होडी होते, अशी एखादी सहाचाकी घ्यायची आणि बापाला तीत घालून आपणच न्यायचं.

"पण जुनी हं," ओनेझिम म्हणाला. "सत्तर सालच्या आसपासची. नव्या गाड्या बिघडल्या की दुकानात न्याव्या लागतात. जुनीला एक पाना आणि दोन शिव्या पुरतात."

दोन गाड्या त्यांनी बघून सोडल्या. एकीच्या बुडाला डांबराची ठिगळं होती, दुसरीचा आस हलत्या दातासारखा खुळखुळत होता. तिसरी होती कापुस्कासिंग गावाच्या पलीकडे, खडीचा रस्ता संपतो तिथे, आदेलार नावाच्या म्हाताऱ्याकडे.

आदेलार गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात उभाच होता. गाडी पाहून ओनेझिमचे डोळे लकाकले. पिवळीधम्मक, अंड्याच्या बलकासारखी. फुग्यासारखी सहा गुबगुबीत चाकं आणि वर न्हाणीच्या टबासारखी प्लास्टिकची काया. मिरेय मात्र रंगाला भुलणारी नव्हती. तिने जमिनीवर पाठ टेकून एकेक चाक धरून हलवलं, साखळ्यांचा ताण पाहिला, आस बाहेर पडतात तिथे ग्रीस ताजं आहे का ते बोट लावून पाहिलं, आत विजेरी धरून बाहेर कुठे उजेड पाझरतो का तेही पाहिलं.

"पोरगी आहे का गुप्तहेर?" आदेलार हसला.

"बस चालवते," ओनेझिम म्हणाला. "चाळीस पोरं रोज घरी पोचवायची म्हणजे संशय अंगात मुरतो."

दोरी ओढताच इंजीन दुसऱ्या झटक्याला पेटलं. निळा धूर, कान बधिर करणारा आवाज. ओनेझिम खूश. "आता पाण्यात घालू. पाण्यात न घालता अशी गाडी घेणं म्हणजे चव न बघता सार वाढणं."

शेडमागे बीव्हरांनी, झाडं कुरतडून बांध घालणाऱ्या त्या प्राण्यांनी, ओढा अडवून तळं केलं होतं. पायरीवर उभी असलेली आदेलारची बायको फर्नांद पुढे आली. "पाण्यात कशाला? अंगणात फिरवा की. गारठा आहे."

"चाळीस वर्षं आहे ही माझ्याकडे. तुझ्यापेक्षा कमी कटकट करते," आदेलार म्हणाला.

सगळे हसले, फर्नांद सोडून. "मग मीही येते."

"तिघं बसलो तर तळ गाठू. तू थांब. ही पोरगी येईल."

फर्नांदने मिरेयकडे पाहिलं. मग तिने तरंगण्याचं जाकीट आणून स्वतःच्या हाताने मिरेयच्या अंगात घातलं आणि पट्टे जरा जास्तच आवळले. मिरेयने तेव्हाच विचारायला हवं होतं.

काठाला बर्फाची पातळ साय धरली होती. ती काचेसारखी फोडत गाडी पाण्यात उतरली आणि तरंगली. चाकं वल्ह्यासारखी पाणी मागे लोटू लागली. वेग इतका कमी की काठावरचं कासव पुढे गेलं असतं. पाणी कडेपासून वीतभरच खाली होतं.

"दोन दांडे," आदेलार ओरडून सांगत होता. "ज्या बाजूचा ओढशील ती चाकं थांबतात, गाडी तिकडे वळते. आणि वजन मधोमध. उभं राहायचं नाही." सगळं नीट, मुद्द्याचं. मिरेयचा जीव भांड्यात पडला. गाडी चांगली होती. पायाशी थोडं पाणी झिरपत होतं, पण जुन्या गाडीला तेवढं चालायचंच.

तळ्याच्या मध्यावर आदेलार बोलायचा थांबला. मान वळवून त्याने काठाकडे पाहिलं. तिथे ओनेझिम उभा होता, काठी हवेत हलवत. लेकीला हात करावा तसा.

आदेलारचा चेहरा पांढराफटक पडला.

"सिमोन," तो मिरेयच्या कानाशी येऊन म्हणाला, "आला तो. काठी घेऊन आलाय."

"कोण? अहो, ते माझे बाबा आहेत."

"बाबाच! खाली वाक, सिमोन, दिसशील!" त्याने तिची मान धरून खाली दाबली. म्हाताऱ्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. दुसऱ्या हाताने त्याने दांडा ओढला. गाडी काठाला पाठ करून तळ्याच्या तोंडाकडे निघाली.

मिरेयने मान सोडवून पुढे पाहिलं. समोर बीव्हरांचा बांध होता. एका बाजूला तो फुटला होता आणि तळ्याचं पाणी तिथून पुरुषभर खाली, टोकदार ओंडक्यांवर कोसळत होतं. इंजिनाच्या आवाजातही ती घरघर आता ऐकू येत होती.

"वळवा! तिकडे बांध फुटलाय!"

"पलीकडे गेलो की तो येऊ शकत नाही. त्याला पोहता येत नाही." आदेलारच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. सत्तरी उलटलेला माणूस दहा वर्षांच्या पोरासारखा हुंदके देत होता.

तिने दांड्याला हात घातला, तसा त्याने कोपराने तिला हाणलं. गाडी कलली आणि बर्फासारखं पाणी कडेवरून आत आलं, घोट्यापर्यंत. आणखी एकदा असं झालं तर संपलं. झटापट केली तर दोघं पाण्यात, आणि त्या पाण्यात जाकीट असून नसून सारखंच. मागे ओनेझिमच्या लक्षात काहीतरी आलं होतं. तो काठावर लंगडत पळत होता, काठी उंच धरून, ओरडत. तो जितका ओरडे, तितका हा म्हातारा गाडी जोरात रेटे.

मिरेयने स्वतःला सांगितलं, बसमध्ये पोरं घाबरून रडतात तेव्हा काय करतेस? ओरडतेस? तिने श्वास घेतला. दातावर दात आपटत होते, पण आवाज तिने कसाबसा सांभाळला.

"ऐक," ती म्हणाली. "मी चालवते. तू त्याच्यावर नजर ठेव. तू जास्त लांबचं बघतोस."

आदेलारने तिच्याकडे पाहिलं. बांध आता एवढा जवळ आला होता की ओंडक्यांवरचं शेवाळ दिसत होतं.

"तू चालवशील?"

"चालवीन. सरक. हळू. उभा राहू नकोस."

तो सरकला. गाडी डुलली, आणखी पाणी आत आलं, मग स्थिरावली. मिरेयने डावा दांडा अंगातलं सगळं बळ लावून ओढला. गाडी वळेना. फुटक्या तोंडाकडची ओढ तिला कुशीवर घेऊन चालली होती. एक क्षण तिला पक्कं वाटलं की झालं. मग उजवीकडच्या चाकांनी पाणी पकडलं आणि पिवळं नाक इंच इंच करत फिरलं.

"परत कुठे नेतेस?" आदेलार किंचाळला. "सिमोन, नको! मारेल तो!"

काय बोलावं ते तिला सुचेना. तोंडात आलं ते ती बोलून गेली. "आई एकटी आहे तिथे."

म्हातारा बारीक आवाजात म्हणाला, "हो. आई राहिली." आणि त्याने तिची बाही घट्ट धरली.

मिरेयने काठाकडे पाहिलं. तिथे फर्नांद धावत आली होती. तिने ओनेझिमच्या हातून काठी हिसकावली, त्याला दंडाला धरून शेडच्या आड ढकललं आणि एकटीच काठावर येऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"बघ," मिरेय म्हणाली, "तो गेला. आई आहे फक्त."

गाडी काठाला लागली. फर्नांदने नवऱ्याला घोंगडीत गुंडाळून आत नेलं, शेगडीशी बसवलं, कोरडे मोजे घातले. बाहेर आली तेव्हा मिरेय तिची वाटच पाहत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं!"

"होतं."

"मी मेले असते, बाई! तुम्ही जाकीट घातलंत आणि गप्प बसलात!"

"हो," फर्नांद म्हणाली. तिने सबब सांगितली नाही. "तो सकाळपासून दाढी करून तयार बसला होता. तुमच्यासमोर त्याला वेडा म्हणायला जीभ रेटली नाही. दिवसचे दिवस चांगला असतो. मग कुठेतरी जातो. त्याचा बाप मारकुटा होता. बहिणीला, सिमोनला, घेऊन हा नदीपल्याड पळाला, आई मागे राहिली. तिचं पुढे काय झालं ते हा बोलत नाही. आता पुन्हा पुन्हा तिथेच जातो." "उन्हाळ्यात ही गाडी घेऊन निघून गेला होता. अख्खं गाव शोधत होतं. म्हणून विकायचीय. तुम्ही नाही घेतलीत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. पण कोणीतरी न्या हो हिला इथून."

मिरेयला त्या पिवळ्या रंगाकडे बघवत नव्हतं. शेडच्या आडून बाप लंगडत आला. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला फक्त. तिने तळ्याकडे पाहिलं. गाडी इथे राहिली तर एक दिवस म्हातारा दोरी ओढणार आणि शेजारी कोणी सिमोन नसणार.

"घेतो आम्ही," ती म्हणाली. "आत्ताच."

गाडी ट्रेलरवर चढवताना आदेलार कोरडे कपडे घालून बाहेर आला. ताजातवाना, हसरा. त्याने पट्टे स्वतः आवळून दिले. "डावीकडे ओढते जराशी," तो मिरेयला म्हणाला. "आणि पाण्यात वजन मधोमध. सांगितलं का मी तुला?"

"सांगितलंत."

"मग आणखी एकदा ऐक. पाणी काही दोनदा सांगत नाही."

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना काळी झाडं पळत होती. मिरेयने बापाला सगळं सांगितलं.

"आणि मी वेड्यासारखा काठी नाचवत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला धीर येईल."

"तुम्हाला काय माहीत, बाबा."

थोड्या वेळाने तिने हिय्या करून विषय काढला. "गाडी माझ्या कुलपात राहील. खोपटावर जायचं तर दोघांनी. एकट्याने नाही."

असं काही बोललं की ओनेझिम गाडीचं छप्पर उडवायचा. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि त्याच्या आरडाओरड्याची वाट पाहिली.

"बरं," तो म्हणाला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मागच्या वर्षी मी रात्री खोपटात राहिलो नव्हतो, पोरी. मला वाटच सापडली नव्हती. तीस वर्षांची पायाखालची वाट."

मिरेयने ब्रेक लावला नाही, मान वळवली नाही. फक्त उजवा हात काढून तिने बापाचं मनगट धरलं आणि घराचे दिवे दिसेपर्यंत सोडलं नाही.