माठाशेजारचा आरसा आणि हिरवा टिल्लू

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की यानं लपवून ठेवलं. माझी उंची साडेतीन फूट, चौकट सागवानी, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात पारा उडाल्याचा एक काळा डाग आहे. त्या डागाकडे बघू नका. बाकीचा मी अजून चांगला आहे.

माझी पहिली पंधरा वर्षं तुमसरच्या बाजारात घनश्यामच्या सलूनमध्ये गेली. काय थाट होता तिथे माझा. लग्नसराईत नवरदेव माझ्यासमोर बसायचे, मान इकडून तिकडून वळवून बघायचे आणि खूश होऊन उठायचे. शाबासकी घनश्यामला मिळायची, पण डोळे माझ्यावर असायचे, म्हणून ती शाबासकी मी माझीच समजत असे. मग एका दिवाळीला घनश्यामने कडेने दिवे लावलेले नवे आरसे आणले. मला त्याने मागच्या खोलीत टॉवेलांच्या ढिगाजवळ, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. माझा जळफळाट तेव्हापासून सुरू झाला. दोन वर्षं मी विटांचं तोंड बघत काढली.

तिथून मला सोडवलं सुलोचनाबाईंनी. ज्या मुलांना नीट बोलता येत नाही त्यांच्यावर त्या उपचार करतात. त्यांच्या केंद्राला मोठा आरसा हवा होता, आणि घनश्यामला अडगळ कमी करायची होती. बाईंनी मला उत्तरेकडच्या भिंतीवर लावलं. एका बाजूला माठाची तिवई, दुसऱ्या बाजूला कूलर. विदर्भातला उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यातही माझी काच गार राहते.

या केंद्रात नागपूरच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थिनी मुलांबरोबर काम करायला शिकायला येतात. पहिल्याच दिवशी बाई त्यांना माझ्यासमोर खाली चटईवर बसवतात आणि सांगतात, "लेकराच्या समोर नका बसू. बाजूला बसा. तुमचं तोंड अन् त्याचं तोंड एकाच आरशात दिसलं पाहिजे. तुमचे ओठ बघून ते आपले ओठ हलवेल." हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी फुगतो. सलूनमध्ये लोक नुसते भांग बघायचे. इथे मुलं माझ्यात बघून 'प' म्हणायला शिकतात.

मागच्या मार्चमध्ये मनालीताई आली. शेवटचं वर्ष, बारा महिने इथेच काम करायचं. मुलगी जीव लावणारी होती. बोलायची मात्र फार. मुलानं तोंड उघडायच्या आत तीच उत्तर देऊन टाकायची, आणि बाई मागून म्हणायच्या, "मनाली, मनातल्या मनात दहा मोज." मला ती आवडायला लागली होती. तेवढ्यात तिनं आठवडी बाजारातून तो आणला.

तो म्हणजे दाढी करायचा आरसा. हिरव्या प्लास्टिकची चौकट, तळहाताएवढा गोल, मागे उभं करायला एक तार. मी त्याचं नाव टिल्लू ठेवलं. त्याचं काम असं होतं. काही मुलांची टाळू जन्मापासून फाटलेली असते आणि ऑपरेशन करून शिवलेली असते. अशा मुलानं 'पापापा' म्हणताना नाकाखाली छोटा आरसा धरायचा. काचेवर वाफ धरली, तर हवा नाकातून निसटते आहे, टाळू अजून मागे नीट मिटत नाही. काच कोरी राहिली तर टाळू ठीक आहे. एवढंच ते काम. पण मनालीताई त्याला हातात घ्यायची, ओढणीनं पुसायची, मुलांच्या नाकाशी न्यायची. मला कुणी नाकाशी नेत नाही. मला तर फडक्यानं पुसतात, तेही शनिवारी. माझ्या पोटात दुखायला लागलं.

एप्रिलमध्ये सिहोऱ्याहून टीना आली. पाच वर्षांची. तिची आजी धुरपताबाई तिला एसटीनं घेऊन यायची. टीनाची टाळू ती वर्षाची असताना शिवली होती, पण तिचं बोलणं सगळं नाकातून यायचं आणि घराबाहेर कुणाला कळायचं नाही. जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं. आजीचं मागणं एकच होतं.

"बाकी काही नाई आलं तरी चालते जी," ती म्हणाली. "हजेरीले आपलं नाव सांगता आलं पाहिजे. पोट्टे हसले की ते बोलनंच सोडून देते."

मनालीताईनं टिल्लूला खिडकीतून उचललं. तो खिडकीतच असायचा, समोर दिसावा म्हणून. तिनं तो टीनाच्या नाकाखाली धरला. टीनानं 'पापापा' म्हटलं, आपल्या पद्धतीनं. काच कोरी राहिली.

"कोरडा आहे म्हंजे चांगलंच ना जी?" आजीनं विचारलं.

"हो आजी. हवा नाकातून जात नाही. टाळू ठीक आहे. आता फक्त तोंडातून जोर लावायची सवय करायची. ती मनावर घेत नाही, एवढंच."

तिनं तसं वहीत लिहिलं. सुलोचनाबाई फक्त गुरुवारी येत, दुसऱ्या केंद्राचंही काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी वही वाचली आणि सही केली. तेव्हापासून टीनाचं फुंकणं सुरू झालं. टेबलावर कापसाचा गोळा ठेवायचा आणि तो फुंकून पलीकडे न्यायचा. टीना गाल फुगवायची, कान लाल करायची, आणि कापूस जागचा हलायचा नाही.

"जीव लावून फुक ना वो," आजी म्हणायची. "एवढ्या दुरून येतो आपन. काहून आळस करून राहिली?"

एका दुपारी मनालीताई वही लिहीत होती आणि आजीचा डोळा लागला होता. टीना माझ्याजवळ आली. तिनं नाक जवळजवळ माझ्या काचेला लावलं आणि हळूच म्हणाली, 'पापापा'. तिच्या नाकाखाली, माझ्या गार काचेवर, वाफेचे दोन गोल उमटले. हरभऱ्याएवढे. स्पष्ट.

मित्रांनो, मला त्याच क्षणी सगळं कळलं. टिल्लू दिवसभर एप्रिलच्या खिडकीत पडून असायचा. त्याची काच तापलेली. तव्यासारख्या काचेवर वाफ कशी धरणार? टीनाची हवा नाकातूनच जात होती. तिनं कितीही जोर लावला तरी कापूस हलणार नव्हता. पोरीचा काही दोष नव्हता.

आता खरं सांगतो. मला आधी टीनाची दया आली नाही. आधी मला आनंद झाला. टिल्लू खोटा निघाला, मी खरा निघालो, असं मनात आलं आणि मी नुसता मिरवत राहिलो. एवढ्यात मनालीताई उठली, माझ्यावर नाकाचे डाग पडले असं समजून तिनं ओढणीनं मला पुसलं. ते दोन्ही गोल गेले. आरशाला बोलता येत नाही, हे खरंच. पण बोलता आलं असतं तरी त्या दिवशी मी बोललो असतो की नाही, मला सांगता येत नाही.

मग पुढचे आठवडे मला बघावे लागले. माझ्यासमोर दुसरं काय असतं? टीना दर वेळी थोडी जास्त गप्प व्हायची. आधी येताच ती मला जीभ काढून दाखवायची. ते बंद झालं. कापसाचा गोळा दिसला की ती टेबलाखाली जाऊन बसायची. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर ती आजीशीसुद्धा बोलेना, नुसतं बोट दाखवायची. टिल्लूवरचा माझा राग तसाच होता, पण त्यात आता मजा राहिली नव्हती.

त्या गुरुवारी सुलोचनाबाई लवकर आल्या. सव्वा महिना झाला, बोलण्यात फरक का नाही, म्हणून त्या स्वतः चटईवर बसल्या. "आरसा दे," त्या म्हणाल्या. मनालीताईनं टिल्लू दिला. बाईंनी तो तळहातावर घेतला आणि तिथेच थांबल्या.

"हा तर भाजून राहिला आहे. कुठे ठेवतेस?"

"खिडकीत, मॅडम."

बाई उठल्या, आणि त्यांनी टिल्लूला माझ्या शेजारच्या माठाला टेकवून धरलं. कोरडा पुसला. मग टेबलाखाली वाकून टीनाला म्हणाल्या, "तिथंच बस बाई. तिथूनच एकदा पापा म्हण." टीनानं म्हटलं. बाईंनी तिच्या नाकाखालचा आरसा वर धरून मनालीताईला दाखवला. दोन गोल.

मनालीताईचा चेहरा मी सरळ समोरून पाहिला. ती ओठ आवळून उभी होती. "वहीवर सही माझी आहे," बाई म्हणाल्या. "मीही विचारलं नाही की आरसा गार केला होता का. चूक दोघींची. अन् फुंकून टाळू मिटत नसते, हे मी तुम्हाला शिकवायला पाहिजे होतं. आजींना मात्र तूच सांग."

मनालीताई आजीसमोर खाली बसली. या वेळी ती भरभर बोलली नाही. बहुतेक दहा मोजले असतील. "आजी, टीनाची टाळू मागे पूर्ण मिटत नाही. नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. मी तपासलं ते चुकीचं होतं. माझा आरसा तापलेला होता."

आजीनं विचारलं, "म्हंजे पोरगी आळस करत नोहती?"

"नाही आजी. ती पूर्ण जोर लावत होती. चुकलं माझं."

आजीनं टेबलाखाली बघितलं. मग म्हणाली, "तुमी शिकून राहिल्या बाई. तुमची चूक समजते. मी तं तिले बिस्कीट देत नोहती, फुकलं नाई म्हून. माही चूक कोन समजून घेईन?" ती तशीच वाकत टेबलाखाली गेली आणि टीनाला जवळ घेऊन बसली. त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं आणि ऑगस्टमध्ये टीनाचं दुसरं ऑपरेशन झालं. इकडे केंद्रात बाईंनी नियम केला की छोटा आरसा खिडकीत ठेवायचा नाही. तो माठाशेजारी खिळ्याला टांगायचा, वापरायच्या आधी माठाला टेकवायचा, आणि आपल्या तळहातानं गार आहे का बघायचं. माठाशेजारी म्हणजे कुठे, ते ओळखा. माझ्या भिंतीवर. माझ्या चौकटीला खेटून. माझा गारवा त्याला फुकट. मधूनच चार दिवसांसाठी नवी ताई आली की बाई आता आधी त्याची गोष्ट सांगतात, आणि माझं चटईचं वाक्य दुसऱ्या नंबरवर गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, टीना तपासणीला आली. पावसाळा संपल्यावर तिचा सराव पुन्हा सुरू झाला होता, पण आरशाची परीक्षा आज होती. थंड काचेवर जराशी वाफसुद्धा लपत नाही, म्हणून बाईंनी मुद्दाम सकाळची वेळ दिली होती. मनालीताईनं खिळ्यावरून टिल्लूला काढलं. टीनानं मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"याच्यात," ती म्हणाली.

मनालीताईनं टिल्लूला परत टांगलं. मग तिनं आपला तळहात माझ्या काचेवर ठेवला आणि तसाच राहू दिला. इतकी वर्षं झाली, नुसतं मी कसा आहे हे बघायला कुणी मला हात लावला नव्हता. "गार आहे," ती म्हणाली.

टीना माझ्यासमोर आली. नाक माझ्या अगदी जवळ आणलं. 'पापापा', ती म्हणाली, आणि मग, कुणी न सांगता, "टीना." खाली ओठांसमोर माझ्यावर वाफेचा मोठा ढग धरला. वर नाकाखाली काहीही नव्हतं. तिथे मी कोराच होतो. आजी मागून वाकून बघत होती. तिनं पिशवीतून बिस्किटांचा अख्खा पुडा काढला आणि टीनाच्या हातात दिला. फोडलाही नाही.

मित्रांनो, मार्चमध्ये मनालीताई जाईल आणि नव्या ताई येतील. माझं तुमच्याजवळ एकच मागणं आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. कधी या केंद्रात आलात आणि तो हिरवा टिल्लू उन्हात पडलेला दिसला, तर त्याला उचला आणि माझ्या शेजारच्या खिळ्याला टांगा. तो मला आवडत नाही, आजही नाही. पण तो तापला की शिक्षा लेकराला होते.