मागचे दोन

ती सोफ्यामागे गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेने स्पीकरची वायर सरकवत होती आणि वायरचं दुसरं टोक धरून तिचा नवरा टीव्हीपुढे फतकल मारून बसला होता.

"ओढा."

"ओढतोय. अडकलीय कुठेतरी."

"माझ्या गुडघ्याखाली. थांबा जरा."

वायर सुटली. तिच्या एका अंगाला बारीकशी उभी कड होती. ती त्याने नखाने चाचपली.

"लाल भोक वर की खाली?"

"वर."

"मग कड वर," असं म्हणत त्याने दोन्ही तारा पहिल्याच झटक्यात बसवल्या. तिला हेच डोळ्यांनी बघून करायला दुप्पट वेळ लागला होता, आणि ते त्याने तिला दोनदा ऐकवलंही.

त्याला सगळे पेंटर म्हणायचे. अर्ध्या बाजारपेठेच्या पाट्या त्याच्या हातच्या. डोळे हळूहळू विझत गेले आणि आता उजेड कुठला, अंधार कुठला, एवढंच कळायचं.

सिनेमा हा दोघांचा लग्नापासूनचा नाद. रविवारची दुपार म्हणजे सिनेमा, मग पाहुणे येवोत की पाणी जावो. डोळे गेल्यावर ती शेजारी बसून सांगायला लागली. जन्मभर ऑफिसात टायपिंग केलेली बाई, सांगायचीही त्याच वेगाने. पण ती सांगायची तेव्हाच पडद्यावरची माणसं बोलायची, आणि ती बोलत नसत तेव्हा हा हुज्जत घालायचा. ती 'निळी साडी' म्हणाली की, "निळी म्हणजे कुठली निळी? शाईची की मोरपिशी?" तोवर खून होऊन जायचा. शेवटी एका रविवारी तो मध्येच उठला आणि गॅलरीत जाऊन बसला. पुढच्या रविवारी टीव्ही कुणी लावलाच नाही. तिला सिनेमाचं काही पडलं नव्हतं. तिला तो शेजारी हवा होता, खांद्याला खांदा लावून, पूर्वीसारखा. ही ओढ इतकी साधी होती की कुणाला सांगायचीही लाज वाटे.

म्हणून ती त्याला टीव्हीच्या दुकानात घेऊन गेली.

"ताई, आधी टीव्ही बदला," दुकानदार म्हणाला. "एवढ्याशा पडद्यावर काय दिसणार?"

"टीव्ही राहू द्या. आवाज दाखवा."

दुकानदाराने स्फोट ऐकवले. शोकेसच्या काचा थरथरल्या. पेंटरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झकास. यात कुणी बोलतं का हो?"

टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी स्वस्त होती, पण तिच्यातलं सगळं पुढूनच ऐकू यायचं. उंच, लाकडी स्पीकरांना त्याने नुसता हात लावला आणि किंमत ऐकून तो मागे घेतला. अखेर गेल्या वर्षीचा, पाच स्पीकरांचा संच निघाला. खोकं फाटलेलं, म्हणून परवडणारा.

"खोकं फाटलंय, आवाज नाही ना फाटलेला?" त्याने विचारलं. दुकानदार हसला आणि त्याने वायर फुकट दिली.

आता मधला स्पीकर टीव्हीखाली बसला. बोलणं सगळं त्यातून यायचं. दोन बाजूंना दोन. मागच्या दोन स्पीकरांसाठी स्टँड घेणं बजेटात नव्हतं, तेव्हा स्वयंपाकघरातली स्टुलं आली आणि स्पीकर बरोबर कानाच्या उंचीला लागले.

तिने पडदे ओढले. त्याला त्याची गरज नव्हती, पण सिनेमा म्हटल्यावर पडदे ओढायचेच.

पहिल्याच प्रसंगात दार करकरलं.

"आता ती खिडकीपाशी..." तिने सुरुवात केली.

"कळलं."

"हातात तिच्या..."

"कपबशी. वाजली की. गप बस ना जरा."

तो पुढे वाकून ऐकत होता. विनोदावर तिच्याआधी हसत होता. गाडी डावीकडून उजवीकडे गेली तशी त्याची मानही फिरली. तिला आनंद झाला. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की मघापासून त्याने तिला काहीच विचारलेलं नाही. कुठली निळी, तेसुद्धा नाही. आपणच हौसेने घरात आणलेल्या या डब्यांनी आपलं काम काढून घेतलं, आणि आता शेजारी कोण बसलंय याने त्याला काही फरक पडत नाही, असं तिला वाटलं.

"पाणी आणते," ती म्हणाली. सिनेमातल्या पावसाच्या आवाजात ते बुडून गेलं.

सोफ्यामागेच स्वयंपाकघराचं दार होतं. पाणी न घेताच ती चौकटीला टेकून उभी राहिली. पडद्यावरच्या बाईने दिवा मालवला. पाऊस थांबला. आणि लांबवरून, मागच्या उजव्या स्पीकरमधून, कुणाचीतरी पावलं यायला लागली. कुणीतरी सावकाश त्या बाईच्या दाराकडे येत होतं.

पेंटरने मान तिरकी केली. मग तो सोफ्यावर डावीकडे सरकला, शेजारची उशी उचलून त्याने मांडीवर घेतली आणि रिकाम्या जागेवर हात थोपटला.

"ये. केव्हाची गेलीस," तो पावलांना म्हणाला. "सगळं ऐकू येतंय गं, अगदी घड्याळाची टिकटिकसुद्धा. पण तू नसलीस की काही दिसत नाही."

तिला हसू आलं.

पावलं जवळ येत चालली होती. त्याचा हात तसाच त्या जागेवर होता. पडद्यावरचा माणूस दारापाशी थांबायच्या आत तिला तिथे पोचायचं होतं. तिने पायातल्या सपाता तिथेच सोडल्या आणि ती आवाज न करता निघाली.